अंबरनाथ लोकलच्या वाटेवरचे शिलाहार

दसरा झाला की ठाण्याच्या गोखले रोडवर आणि डोंबिवलीच्या फडके रोडवर सहल कंपन्यांच्या फलकांवरची नावे बदलतात. हंपी, बदामी, ऐहोळे, पट्टदकल, बेलूर, हळेबीड. दिवाळीची सुट्टी, मुलांची चाचणी परीक्षा संपल्याचा आनंद, आजी-आजोबांची ‘एकदा दक्षिण बघायचीय’ ही जुनी इच्छा, सगळे जुळून येते आणि कुटुंबे कर्नाटकाकडे निघतात. तिथले वैभव खरोखरच बघण्यासारखे आहे. पण या सहलींच्या नेहमीच्या रस्त्यापासून थोडे बाजूला, धारवाडजवळ नरेंद्र नावाचे एक गाव आहे आणि तिथल्या शिलालेखात चक्क ठाणे भेटते.

हा कन्नड लेख गोव्याच्या कदंब घराण्याचा, इ. स. ११२५ च्या सुमाराचा. त्यात छट्टयदेव या कदंब राजाची हकीकत येते. तो जहाजांचा ताफा घेऊन समुद्रावर निघाला. ही बातमी ‘ठाणेय’ येथील मुम्मुरी राजाच्या कानावर गेली. मुम्मुरी सामोरा आला, पाहुण्याला प्रेमाने आपल्या वाड्यात घेऊन गेला, त्याला आपली मुलगी दिली आणि पाच लाख सोनेही दिले, असे लेख सांगतो. ठाण्याच्या राजवाड्यात झालेल्या या सोयरिकीची नोंद धारवाडच्या मातीत जपली गेली. ठाण्यात मात्र तो वाडा कुठे होता, हे दाखवणारा एक दगडही शिल्लक नाही.

हा मुम्मुरी म्हणजेच मुम्मुणी किंवा माम्वाणी. तो उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला. त्याचे नाव कोरलेली एक भव्य वास्तू मात्र आजही उभी आहे. ती पाहण्यासाठी रात्रीच्या गाडीचे आरक्षण लागत नाही. डोंबिवलीहून कर्जत किंवा बदलापूर लोकल पकडायची आणि अंबरनाथला उतरायचे.

शिलाहारांनी साधारण इ. स. ८०० ते १२६५ असा साडेचार शतकांचा काळ या पट्ट्यावर सत्ता गाजवली. आधी ते राष्ट्रकूटांचे मांडलिक होते, नंतर बरेचसे स्वतंत्र झाले. ताम्रपटांत ते स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता. दक्षिणेशी त्यांचे नाते केवळ लग्नकार्यापुरते नव्हते. मुम्मुणीचा भाऊ छित्तराज याचा शके ९४८, म्हणजे इ. स. १०२६ चा ताम्रपट भांडुपला मिळाला. त्यातल्या अमात्यांची आणि सचिवांची नावे नागणैय, सीहपैय अशी आहेत. कोकणच्या राजाचा कारभार कन्नड वळणाच्या नावांचे अधिकारी पाहत होते, हे त्यावरून दिसते. याच ताम्रपटात षट्षष्ठी विषयातल्या, म्हणजे साष्टीतल्या, नौर गावची शेतजमीन दान दिल्याचा उल्लेख आहे. अभ्यासकांच्या मते नौर म्हणजे आजचे नाहूर. मुलुंड आणि भांडुपच्या मधल्या त्या स्टेशनावरून रोज लाखो लोक जातात. त्या गावची जमीन हजार वर्षांपूर्वी राजाच्या शिक्क्यानिशी कुणाच्या तरी नावावर झाली होती, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. दोष त्या प्रवाशांचा नाही. शाळेच्या इतिहासात शिलाहार एका ओळीत येतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात.

अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेला दोनेक किलोमीटरवर, वालधुनी नदीच्या काठी शिवालय आहे. काळ्या बेसाल्टचे हे देऊळ पश्चिमेकडे तोंड करून उभे आहे. मंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तीन दिशांना मुखमंडप आहेत. उत्तरेकडच्या दारातून आत शिरणाऱ्याने आतल्या बाजूची तुळई नीट पाहावी. तिच्यावर शिलालेख आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, माम्वाणी राजाचे नाव, त्याच्या अधिकाऱ्यांची नावे आणि ‘छित्तराजदेवाचे भवन’ असा उल्लेख त्यात येतो. थोरल्या भावाने आरंभलेले काम धाकट्याने तडीस नेले, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात.

या लेखाच्या वाचनाचीही एक हकीकत आहे. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रथम अभ्यासला, तेव्हा झिजलेल्या अक्षरांतून त्यांना शके ७८२ असा आकडा दिसला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो पुन्हा तपासला आणि पहिला अंक नऊ असल्याचे दाखवून दिले. एका अंकाने देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आले. त्याच सुमारास, १८६८ मध्ये, सरकारने या देवळाचे नकाशे, छायाचित्रे आणि शिल्पांचे साचे तयार करवून घेतले. ते काम मुंबईच्या कलाशाळेकडे, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूलकडे होते. तिथल्या विद्यार्थ्यांनी महिनोन्‌महिने इथल्या मूर्ती निरखल्या असतील. आजचा पर्यटक अर्ध्या तासात परततो.

शके ९८२ या सालाचे मराठी माणसाला आणखी एक अप्रूप वाटायला हवे. रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरला सापडलेला, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जाणारा ताम्रपट याच शकाचा आहे. अंबरनाथच्या तुळईवर संस्कृत अक्षरे कोरली जात होती, त्याच वर्षी थोड्या दक्षिणेला समुद्रकाठच्या गावात मराठी तांब्याच्या पत्र्यावर उतरत होती.

आता देऊळ बघायचे कसे, ते सांगायला हवे. घाईने आत शिरू नये. आधी बाहेरून एक फेरी मारावी. भिंत कुठेच सरळ नाही. ती सतत कोनांत वळत जाते, त्यामुळे दिवसभर तिच्यावर ऊन आणि सावली यांच्या उभ्या पट्ट्या सरकत राहतात. खालच्या थरात हत्तींची रांग आहे. वरच्या पट्ट्यात देवदेवता, नर्तकी, वादक, भैरव, चामुंडा, शिवपार्वतीचा विवाह, गजासुराचा वध. एका ठिकाणी हरिहर, ब्रह्मदेव आणि सूर्य यांचे एकाच शरीरात एकवटलेले रूप आहे. ते शोधून काढायला मुलांना सांगावे, ती आनंदाने शोधतात. डॉ. कुमुद कानिटकर यांनी या शिवालयाचा सविस्तर अभ्यास करून पुस्तक लिहिले आहे. ते चाळून गेले तर प्रत्येक मूर्ती ओळखीची वाटू लागते.

मग मान वर करून शिखराकडे बघावे. ही भूमिज शैली. चारही दिशांना नक्षीच्या उभ्या पट्ट्या वर चढतात आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेल्या असतात. अंबरनाथला या रांगांचा खालचा भागच शिल्लक आहे. वरचे काम पूर्ण झालेच नाही की पुढे कोसळले, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पूर्ण झालेले भूमिज शिखर कसे दिसते, हे पाहायचे तर नाशिकजवळच्या सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर गाठावे. माळव्यात परमार राजा उदयादित्याने उदयपूरला बांधलेले उदयेश्वराचे मंदिरही याच शैलीचे आणि अंबरनाथच्याच काळातले. माळव्यापासून कोकणापर्यंत कारागीर, आराखडे आणि कल्पना फिरत होत्या, याचा हा दगडी पुरावा आहे.

आतला मंडप चार मध्यवर्ती खांबांवर उभा आहे. एका खांबाचा एक कोपरासुद्धा कोरा सोडलेला नाही. त्याच्या पुढे वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. गाभारा जमिनीच्या पातळीच्या खाली आणि त्याच्यावर छप्परच नाही. पिंडीवर थेट आभाळातून उजेड पडतो आणि पावसाळ्यात पाऊसही.

इथे पुन्हा कर्नाटकाची आठवण काढणे भाग आहे. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिराची प्रतिष्ठापना इ. स. १११७ ची, म्हणजे अंबरनाथनंतर अर्धशतकाने. बेलूर-हळेबीडच्या मूर्तींच्या अंगावरचे दागिने मोजता येतील इतके बारीक कोरलेले असतात, कारण तिथला हिरवट करडा दगड खाणीतून काढल्यावर मऊ असतो आणि हळूहळू कठीण होतो. सह्याद्रीचा बेसाल्ट असा दयाळू नाही. तो छिन्नीला दाद देत नाही, चुकला तर टवका उडतो. या दगडात बोटांची नखे, कमरेचे वळण आणि वस्त्राच्या चुण्या काढणाऱ्या अंबरनाथच्या पाथरवटांची तुलना बेलूरशी करताना हा फरक लक्षात घ्यायला हवा. पट्टदकलला नागर आणि द्राविड शिखरे एकाच आवारात शेजारी शेजारी उभी आहेत. ज्याने अंबरनाथला शिखराची उभी रचना आधी समजून घेतली आहे, त्याला पट्टदकलच्या विरूपाक्षाचे आडव्या मजल्यांनी चढत जाणारे विमान पाहताच वेगळेपण कळेल. दक्षिणेच्या सहलीआधी एक रविवार अंबरनाथला दिला तर पुढच्या सहलीचे मोल वाढते, असे म्हणायचे ते यासाठी.

देवळाच्या शेजारून वाहणाऱ्या वालधुनीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कारखान्यांचे सांडपाणी आणि शहरांचा मैला पोटात घेऊन ती उल्हास नदीकडे जाते. देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. कायद्याने भिंतींभोवती रेघ ओढली, पण नदीचे पाणी ती रेघ मानत नाही. ज्या नदीच्या काठी राजाने जागा निवडली, ती नदी स्वच्छ करणे हाही स्मारकाच्या जतनाचाच भाग धरला पाहिजे.

आता उलट दिशेची गाडी. ठाणे म्हणजे शिलाहारांचे श्रीस्थानक. शहरात त्या काळातली वास्तू उभी नाही, तरी त्यांच्या अभ्यासाची सुरुवात ठाण्यातूनच झाली. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्याजवळ पाया खणताना ताम्रपट सापडले. ते अरिकेसरी राजाचे, शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ चे निघाले. त्यांचे भाषांतर कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात, १७८८ मध्ये छापले गेले. भारतातल्या कोरीव लेखांच्या आधुनिक अभ्यासाच्या अगदी पहिल्या पानांवर ठाण्याचे नाव आहे.

मासुंदा तलावाभोवती दोन तास पायी फिरले तरी अनेक शतके ओलांडली जातात. तलावाकाठचे कौपिनेश्वर मंदिर सध्याच्या रूपात पेशवाईतले. सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी ते १७६० च्या सुमारास उभारले आणि १८७९ मध्ये लोकवर्गणीतून त्याची दुरुस्ती झाली. आतले शिवलिंग आकाराने एवढे मोठे आहे की पहिल्यांदा येणारा थबकतो. त्याच १८७९ साली बेने इस्रायली समाजाने ठाण्यात ‘शार हाशामाईम’ हे सिनेगॉग बांधले. तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातले. पण ख्रिस्ती धर्माशी ठाण्याची ओळख त्याहून जुनी आहे. १३२१ मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले आणि पुढे आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. मार्को पोलोच्या वृत्तांतातही ‘ताना’चे राज्य आहे.

ठाण्याचा किल्ला मात्र पर्यटकांसाठी नाही. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकला, १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी. याच किल्ल्यात कैदेत असलेले पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ च्या सप्टेंबरमध्ये निसटले. पुढे त्याचे कारागृह झाले आणि ते आजही कारागृहच आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या हत्येच्या खटल्यातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिले गेले. बाहेरून तट पाहतानाही हे माहीत असावे. डॉ. दाऊद दळवी यांचे ‘असे घडले ठाणे’ आणि सदाशिव टेटविलकर यांचे ‘दुर्गसंपदा ठाण्याची’ ही दोन पुस्तके हातात असली तर या शहरात फिरणाऱ्याला वेगळा वाटाड्या नको.

कल्याणचे वय याहून जास्त. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत ‘कल्लिएना’ बंदर आहे. पूर्वी तिथे व्यापार खुला होता, पण नंतर अडथळे आले आणि चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असा इशारा त्यात खलाशांना दिलेला आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या व्यापारी चढाओढीचे इतके थेट वर्णन दुसरीकडे क्वचितच मिळते. बंदराची श्रीमंती कुठे गेली, हे कान्हेरीच्या लेण्यांत कळते. तिथल्या दानलेखांत कल्याणचे व्यापारी, लोहार, सोनार वारंवार येतात. सामिदत नावाच्या कल्याणच्या सोनाराने तिथे पाण्याचे टाके खोदवले. सहाव्या शतकातला कोस्मास हा लेखक कल्याणला बिशप असल्याचे लिहितो.

या दोन हजार वर्षांच्या बंदराची जिवंत खूण म्हणजे खाडीवरचा दुर्गाडी किल्ला. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याला समुद्राची वाट मिळाली. कल्याणच्या खाडीत जहाजे बांधायला सुरुवात झाली. रुई लैतांव व्हिएगस याच्यासारखे पोर्तुगीज जाणकार १६५९ मध्ये या कामावर होते. पुढे कोकण किनाऱ्यावर जे आरमार उभे राहिले, त्याची पहिली फळी इथे चिरली गेली. गडावर आज तटबुरुजांचे थोडेच अवशेष आहेत. नवरात्रात देवीच्या दर्शनाला पाय ठेवायला जागा नसते. या गर्दीतल्या एखाद्या शाळकरी मुलाला खाडीकडे बोट दाखवून ‘मराठ्यांची पहिली जहाजे इथे बांधली’ असे कुणी सांगितले, तर ते त्याच्या कायम लक्षात राहील.

कल्याणहून भिवंडी तालुक्यातल्या लोनाडला जायला स्वतःचे वाहन बरे. टेकडीच्या पोटात एक बौद्ध लेणे आहे. आता ते खांडेश्वरी देवीचे स्थान आहे. ओसरीतल्या भिंतीवर राजदरबाराचा मोठा शिल्पपट कोरलेला आहे. एवढे सुंदर शिल्प असूनही इथे बहुतेक वेळा कुणी नसते. गावातले शिलाहारकालीन रामेश्वराचे देऊळ पडके आहे. अपरादित्य राजाचा शके ११०६ चा शिलालेख लोनाडचा आणि केशिदेवाचा शके ११६१ चा लेख शेजारच्या चौधरपाड्याचा. अशा दानलेखांच्या दगडांच्या वरच्या भागात सूर्य-चंद्र कोरलेले असतात आणि बऱ्याचदा खाली एक कठोर शापचित्र असते. त्याला गद्धेगाळ म्हणतात. राजाने दिलेली जमीन जो बळकावेल त्याच्या आईची विटंबना होईल, अशी ती धमकी आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून ती चित्रात कोरली गेली.

शिलाहारांचा शेवट समुद्रावर झाला. यादव राजा महादेवाने हत्तींसह चाल केली, सोमेश्वर शिलाहार जहाजांवर गेला आणि तिथल्या लढाईत १२६५ च्या सुमारास बुडून मेला. बोरिवलीजवळच्या एकसरला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, आहेत. त्यांपैकी काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ जहाजे कोरलेली दिसतात. काही अभ्यासक ती याच लढाईची मानतात, काही त्याआधीच्या लढाईची.

अंबरनाथ, कल्याण, ठाणे, लोनाड आणि एकसर ही सगळी ठिकाणे एकाच राज्याची आहेत. तरी आज ती वेगवेगळ्या नगरपालिका, महानगरपालिका आणि खात्यांच्या हद्दीत विखुरली आहेत. हंपीला पाऊल ठेवताच नकाशा, फलक, वाटाडे मिळतात. इथे लोनाडला लेण्याकडे वळणारा रस्ता विचारत जावा लागतो. प्रत्येक ठिकाणी शकाचा आकडा, राजाचे नाव आणि पुढच्या ठिकाणाची वाट सांगणारा एक मराठी फलक लावायला फार मोठा निधी लागणार नाही. सुट्टीच्या दिवशी कल्याण स्टेशनवरून दुर्गाडी, लोनाड आणि अंबरनाथ अशी एक बस सोडता येईल. तोवर ज्यांना जायचे आहे त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. अंबरनाथला दुपार कलताना पोहोचावे, कारण पश्चिमाभिमुख मुखमंडपावर तेव्हा ऊन पडते आणि कोरीवकाम उठून दिसते. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी तिथे जत्रेची गर्दी असते, म्हणून शिल्पे निवांत पाहायची असतील तर ते दिवस टाळावेत.